मदत हवी आहे : भरतीवाल्या पोट्ट्यांनी व्हिटॅमिनच्या गोळ्या घ्याव्या का?

जाणकारांनी सांगा राजेहो. आमच्या गावचे पोट्टे पोलीस भरतीसाठी पहाटे पांदणीनं १६०० मीटर पळतात, माझा पुतण्याबी आहे. कोणीतरी त्यायले सांगितलं का लॅक्टिक ॲसिड साचते म्हणून पिंढऱ्या दुखतात, रोज व्हिटॅमिन सी हजार एमजी अन् ई घ्या, तर सगळ्यायनं पाकिटंच आणली. मले हे पटत नाही. लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) तर पळणं थांबलं का तासाभरात उतरते, हृदय तेच इंधन म्हणून वापरते, दुसऱ्या दिवशीचं दुखणं त्याचं नाहीच. अन् पळताना फ्री रॅडिकल (पेशीतले लय क्रियाशील रेणू) तयार होतात त्याच इशाऱ्यावर स्नायूपेशी मायटोकॉन्ड्रिया (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग) वाढवते ना? सी अन् ई फ्री रॅडिकल मारतात, मंग तो इशाराच गोळ्यायनं दाबला तर मेहनतीचं काय? २०१४ च्या नॉर्वेतल्या अभ्यासात ११ आठवडे सी अन् ई देल्यावर स्नायूतली ही वाढ कमी झाली, पण दमसास दोन्ही गटात सारखाच वाढला, तिथंच माझं अडते. मंग गोळ्या पूर्ण बंद करायच्या का फक्त सरावाच्या काळात? संत्री, आवळा चालू ठेवाले तर हरकत नसावी, बरोबर ना? कोणी फिजिओ किंवा कोच असन तर सांगा भाऊ, पोट्टे माझं ऐकत नाहीत.