४ वर्षं एमपीएससी, आता सोडू का?

पेठेतला_अभ्यासू: सदाशिव पेठेत ४ वर्षं झाली, प्रिलिम दोनदा थोडक्यात हुकली, घरचे म्हणतात परत ये पण मन म्हणतं एवढं घातलंय तर अजून एक अटेम्प्ट देऊच, काय करू?

कटिंग_चहा: हाच सन्क कॉस्टचा घोळ भावा, म्हणजे जे घातलं ते परत येणार नसतं तरी त्याच्यापायी पुढे रेटत राहणं. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या संशोधकांचा प्रयोग आलेला, नाटकांचे सीझन पास काहींना पूर्ण दरात, काहींना सवलतीत, तर पूर्ण पैसे मोजलेले सुरुवातीचे काही महिने जास्त नाटकांना गेले. तुझी ४ वर्षं कुठल्याच पर्यायात परत मिळत नाहीत, पुढचं एक वर्ष तेवढं मोज.

कोल्हापूरची_ताई: खरंय, पण रिझल्टच्या आठवड्यात ठरवू नकोस रे. मी रडत रडत फॉर्म भरलेला, त्यात जिद्द कमी आणि लाजच जास्त होती.

पेठेतला_अभ्यासू: लाज... हो ताई, तेच असेल. रविवारी बाबांशी बोलतो.