ऑफिसात इंग्रज सहकाऱ्याशी भांडण झालं, आता समेटासाठी नेमकं काय लिहू?

बर्डीवाला
नमस्कार मंडळी. मी मिहानमध्ये एका कंपनीत आहे, आमची अर्धी टीम इंग्लंडला बसते आणि तिकडचा एक जण सध्या दोन महिन्यांसाठी नागपुरात आला आहे. चांगला माणूस आहे, रोज सकाळी आम्ही दोघं ठेल्यावर सोबत तर्री पोहे खातो, म्हणजे खायचो. मागच्या गुरुवारी मीटिंगमध्ये मी सगळ्यांसमोर म्हटलं की तुझी फाइल नेहमीच उशिरा येते, तो म्हणाला वेळेवर पाठवली होती, शब्दाने शब्द वाढला, मी आवाज चढवला आणि उठून निघून आलो. संध्याकाळी बघतो तर फाइल माझ्याच फोल्डरमध्ये पडून होती, बुधवारचीच. चूक पूर्ण माझी.

तिकडच्या मॅनेजरला मेसेज केला, 'आय हॅड अ फाइट विथ हिम', तर त्यांनी घाबरून फोनच केला की कोणाला लागलं का. आणि त्याला लिहिलं, 'लेट अस कॉम्प्रमाइज, इट्स ऑल वॉटर अंडर द ब्रिज'. त्याचं उत्तर आलं 'नोटेड'. तेव्हापासून अबोला आहे. माझं काय चुकून राहिलं ते सांगा, मला खरंच हे नीट करायचं आहे.

महालच्या बाई
मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फाइटचा अर्थ नुसतं भांडणही होतो, पण मोठ्या माणसांनी ऑफिसातल्या प्रसंगाला तो शब्द वापरला की तिकडच्यांना आधी मारामारीच आठवते. तुमची झाली ती आर्ग्युमेंट. ब्रिटिश लोक बोलताना रो म्हणतात, स्पेलिंग रांगेचंच पण भांडण असेल तर उच्चार 'राव'. आणि तुम्ही लिहिलंत ना, शब्दाने शब्द वाढला, त्याला इंग्रजीत फार जवळचा प्रयोग आहे, 'वी हॅड वर्ड्स'. इथे अनेकवचन महत्त्वाचं. 'कॅन आय हॅव अ वर्ड' म्हणजे जरा बोलायचं होतं, आणि 'वी हॅड वर्ड्स' म्हणजे बाचाबाची. एका एस्‌ने अर्थ बदलतो, हे मी वर्गात दरवर्षी फळ्यावर लिहायची.

कॉम्प्रमाइज आपल्याकडे समेटाला वापरतात, 'दोघांचं कॉम्प्रमाइज झालं' असं. इंग्रजीत त्याचा अर्थ दोघांनीही थोडं थोडं सोडायचं. त्याने काय सोडायचं हो? तो तर बरोबर होता.

पण खरी चूक पुढच्या वाक्यात आहे. वॉटर अंडर द ब्रिज म्हणजे आपलं झालं गेलं गंगेला मिळालं. हे ज्याचं मन दुखलं त्याने म्हणायचं असतं. सासूने सुनेला चार लोकांत बोलून घ्यायचं आणि सासूनेच म्हणायचं की जाऊ दे, गंगेला मिळालं, तर सुनेला कसं वाटेल? 'लेट बायगॉन्स बी बायगॉन्स' आणि 'नो हार्ड फीलिंग्ज' यांचंही तेच. माफ करायचा हक्क त्याचा आहे, तुम्ही परस्पर वापरून टाकलात.

संत्राबर्फी
भाऊ, सरळ 'लेट्स बरी द हॅचेट' लिही ना, किती विचार करून राहिला बाप्पा.

महालच्या बाई
नको. हॅचेट म्हणजे लहान कुऱ्हाड. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये तह करताना शस्त्रं जमिनीत पुरायची रीत होती, तिथून तो प्रयोग आला. पुरायला दोघांच्या हातात कुऱ्हाड हवी, इथे एकाच्याच हातात होती. त्यापेक्षा ऑलिव्ह ब्रँच बघा. बायबलमध्ये नोहाच्या गोष्टीत कबुतर चोचीत ऑलिव्हचं पान घेऊन येतं आणि पूर ओसरल्याचं कळतं. ऑलिव्हची फांदी एकाच बाजूने पुढे केली जाते, दसऱ्याला आपण आपट्याचं पान घेऊन वर्षभर न बोललेल्याच्या दारात आधी जातो तसं. मेसेजमध्ये तो शब्द लिहू नका मात्र, नुसती कृती करा.

लक्ष्मीनगर ते लीड्स
बाईंचं एकदम बरोबर. मी सहा वर्षं इकडे आहे, एक गोष्ट जोडतो. माफीत 'इफ' घालू नको. 'आय ॲम सॉरी इफ यू फेल्ट बॅड' हे इथे सगळे ओळखतात, त्याचा अर्थ चूक माझी नाही, तूच हळवा आहेस. त्यापेक्षा लिही, 'आय वॉज आउट ऑफ लाइन ऑन थर्सडे. द फाइल वॉज देअर ऑल अलाँग. आय ओ यू ॲन अपॉलजी.' आउट ऑफ लाइन म्हणजे मर्यादा सोडून बोललो. मग विचार, 'कॅन वी क्लिअर द एअर?' म्हणजे मनातली जळमटं काढू का. बस, एवढंच, 'पण त्या दिवशी कामाचं प्रेशर होतं' वगैरे नको, कारण सांगायला लागलास की माफी पातळ होते. आणि सगळ्यांसमोर बोलला होतास ना, मग सॉरीपण मीटिंगमध्येच म्हण.

संत्राबर्फी
हे सगळ्यांसमोरचं पटलं. माझ्या भावाने घरात येऊन कानात सॉरी म्हटलं होतं, बोलला होता मात्र पूर्ण लग्नमंडपात. तीन वर्षं झाली, माझ्या मनातली अढी काही जात नाही. होल्ड अ ग्रज म्हणतात ना याला?

महालच्या बाई
हो, तेच. पण तो तुमच्या दारापर्यंत आला होता, हेही मनात धरा.

बर्डीवाला
काल रात्री तुम्ही सांगितलं तसंच पाठवलं, एक शब्द जास्त नाही. आज सकाळच्या मीटिंगमध्ये उभा राहून सांगितलं की फाइल बुधवारीच आली होती, मी न बघता बोललो, आय वॉज राँग. बोलताना हात थरथरत होते. तो काही बोलला नाही, मान हलवली फक्त. दुपारी मेसेज आला, 'चिअर्स फॉर दॅट. टूक सम डूइंग.' हे चांगलं आहे की अजून राग आहे?

लक्ष्मीनगर ते लीड्स
चांगलं आहे रे, खूप चांगलं. चिअर्स म्हणजे थँक्स, आणि टूक सम डूइंग म्हणजे असं उभं राहून बोलणं सोपं नव्हतं हे त्याला दिसलं. उद्या पोह्याला बोलाव.

बर्डीवाला
बोलावलं. साडेआठला येतो म्हणाला, तर्री कमी.