शब्दचर्चा : ‘परमेश्वरप्रेरित’ आणि ‘अपौरुषेय’ एकच का?

विचारणा

एका परिभाषा-पुस्तिकेचे मुद्रितशोधन माझ्याकडे आले आहे. त्यात ‘परमेश्वरप्रेरित’ या नोंदीपुढे ‘अपौरुषेय, ईश्वरोक्त’ असे पर्याय दिले आहेत. मराठी बायबलात २ तीमथ्य ३:१६ मध्ये (पौलाचे तीमथ्याला दुसरे पत्र, अध्याय ३, वचन १६) ‘परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख’ असे शब्द आहेत. हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी चालतील का? मला ‘अपौरुषेय’ खटकतो, पण का खटकतो ते नीट मांडता येत नाही. मी स्वतः ख्रिस्ती नाही, म्हणून जाणकारांना विचारतो.

प्रतिसाद १

‘अपौरुषेय’ काढून टाका, आणि नुसते खोडू नका, लेखकाला कारणही कळवा. हा शब्द वेदांचा आहे : मीमांसकांच्या, म्हणजे वेदार्थाचा विचार करणाऱ्या तत्त्वज्ञांच्या मते वेदांना कर्ताच नाही, माणूस नाही आणि ईश्वरही नाही. बायबलबद्दल ख्रिस्ती माणूस असे कधीच म्हणत नाही. त्याच्या ग्रंथाला लेखक आहेत, आणि ते पानोपानी दिसतात. शुभवर्तमान लिहिणारा लूक सुरुवातीलाच सांगतो की मी सगळ्याचा मुळापासून शोध करून हे क्रमवार लिहितो आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटी लेखनिक तर्तियस स्वतःचा सलाम घालतो. पौल तीमथ्याला लिहितो, त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तके आण, आणि चर्मपत्रे तर विसरू नकोस. १ करिंथ १:१६ मध्ये तर तो आठवत आठवत लिहितो : स्तेफनाच्या घरच्यांचा बाप्तिस्मा मी केला, आणखी कोणाचा केला असेल तर लक्षात नाही. हे विस्मरणही शास्त्रात, म्हणजे बायबलात आहे, आणि मंडळीने (चर्चने) ते तसेच जपले आहे. झगा मागणारा, विसरणारा माणूस आणि देवाचे वचन हे एकाच ओळीत असू शकतात, हाच आमच्या श्रद्धेचा गाभा आहे. ‘अपौरुषेय’ने नेमका तोच पुसला जातो.

‘ईश्वरोक्त’ थोडा जवळचा आहे, पण त्यातून देव सांगतो आणि माणूस टिपून घेतो असे चित्र उभे राहते. संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या, काही भागांना ते लागू पडेल. स्तोत्रांतल्या विलापांना कसे पडणार? तिथे तर माणूसच देवाला विचारतो आहे.

प्रतिसाद २

मी संस्कृतकडून येतो. २ तीमथ्य ३:१६ मधल्या ‘परमेश्वरप्रेरित’चा मूळ ग्रीक शब्द ‘थेओप्न्यूस्तोस’ आहे ना? ‘थेओस’ म्हणजे देव, आणि ‘प्न्यू’ हा फुंकण्याचा, श्वासाचा धातू. म्हणजे शब्दशः ‘देवनिःश्वसित’. बृहदारण्यकात (२.४.१०) ऋग्वेदादींना ‘अस्य महतो भूतस्य निःश्वसितम्’ म्हटले आहे. प्रतिमा किती जवळ आली पाहा! मग तोच शब्द का घेऊ नये?

प्रतिसाद १

हे वाचून फार आनंद झाला. शब्द सुंदर आहे, आणि ‘प्रेरित’मध्ये हरवलेला श्वास त्यात परत येतो. अडचण एकच. शंकराचार्यांनी तिथे ‘निःश्वसित’चा अर्थ ‘प्रयत्नाशिवाय सहज झालेले’ असा उलगडला आहे, आणि त्या परंपरेत तो वेदांच्या अपौरुषेयत्वाशी बांधला गेला आहे. म्हणजे प्रतिमा जुळते, पण लूकचा शोध त्यात मावत नाही. कंसात व्युत्पत्ती म्हणून जरूर द्यावा.

‘प्रेरित’ची आणखी एक गंमत म्हणजे २ पेत्र १:२१ मध्येही मराठीत पवित्र आत्म्याने ‘प्रेरित’ झालेली माणसे येतात, पण तिथला ग्रीक शब्द निराळा आहे : ‘फेरोमेनोई’, म्हणजे वाहून नेले जाणारे. तेच क्रियापद प्रेषितांची कृत्ये २७ मध्ये पौलाच्या तारवासाठी येते, वादळात सापडून वाऱ्याबरोबर वाहत चाललेल्या. पहिल्या वचनात लेख देवाचा श्वास आहे, दुसऱ्यात लिहिणारा-बोलणारा वाऱ्याबरोबर वाहतो आहे. जुन्या लॅटिन भाषांतरातही दोन्ही ठिकाणी एकच धातू वापरला गेला, म्हणून हा दोष एकट्या मराठीच्या माथी मारू नका.

आणि २ तीमथ्य ३:१६ मध्ये ग्रीकला क्रियापदच नाही. ‘प्रत्येक परमेश्वरप्रेरित शास्त्रलेख उपयोगी आहे’ असेही वाचता येते, आणि ‘प्रत्येक शास्त्रलेख परमेश्वरप्रेरित व उपयोगी आहे’ असेही. मराठीने पहिले घेतले. मला दुसरे पटते, कारण आधीच्याच ओळीत तीमथ्याला बाळपणापासून माहीत असलेल्या पवित्र शास्त्राची गोष्ट चालली आहे, आणि त्यातून काही लेख वगळण्याचा पौलाचा हेतू दिसत नाही.

प्रतिसाद ३ (वसईहून)

कॅथलिक बाजूने थोडे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १८ नोव्हेंबर १९६५ च्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात मानवी लेखकांना ‘खरे लेखक’ म्हटले आहे, आणि आपल्या तारणासाठी देवाला जे सत्य नोंदवून हवे होते ते शास्त्र न चुकता शिकवते, असे सांगितले आहे. ‘तारणासाठी’ हा शब्द माझ्या मते फार मोलाचा आहे. प्रॉटेस्टंटांत १९७८ चे शिकागो घोषणापत्र याहून कडक, इतिहास आणि विज्ञानाच्या बाबतीतही शास्त्र निर्दोष मानणारे. पण लेखकांची शैली आणि व्यक्तिमत्त्व देवाने पुसले नाही, हे तेही स्पष्ट म्हणते. तेव्हा ‘अपौरुषेय’ दोन्हीकडून बाद.

खरा फरक पुढच्या नोंदीत येईल, ‘अधिकार’मध्ये. तिथे ‘प्रमाण’ हा शब्दही द्या. ल्यूथरपासून प्रॉटेस्टंट मंडळ्या शास्त्र हेच अंतिम प्रमाण मानतात. आम्ही शास्त्र आणि परंपरा एकाच झऱ्याची मानतो आणि अर्थ लावण्याची जबाबदारी चर्चच्या शिक्षकपदाकडे (पोप व बिशप यांच्याकडे) आहे असे म्हणतो. ते पद मात्र वचनाच्या वर नाही, वचनाचे सेवक आहे. हे वाक्य नोंदीत आले नाही तर आमच्यावर अन्याय होईल. ग्रंथसंख्याही सारखी नाही : आमचे ७३, प्रॉटेस्टंटांचे ६६. म्हणून नुसते ‘सर्व शास्त्र’ लिहिले तर ‘कोणाचे?’ हा प्रश्न उरतो.

विचारणाकर्ता

मनापासून आभार. ‘अर्थ लावणे’साठी लेखकाने ‘टीका’ दिला आहे. ज्ञानेश्वरीला आपण गीतेवरची टीका म्हणतो, त्या अर्थाने.

प्रतिसाद १

अर्थ बरोबर आहे, पण आजचा वाचक ‘बायबलवरील टीका’ म्हणजे निंदा समजेल. ‘भाष्य’ ठेवा, क्रियेसाठी ‘अर्थ उलगडणे’. प्रेषितांची कृत्ये ८ मधला प्रसंग उदाहरणाला घ्या : रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचणाऱ्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याला फिलिप्प विचारतो, वाचता ते समजते का? तो म्हणतो, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसे समजेल? आणि त्याला रथात शेजारी बसवून घेतो.

प्रतिसाद ३

छान उदाहरण. आणि तेवढे ‘प्रेरित’ व ‘प्रेषित’ तपासून घ्या. ‘प्रेषित’ म्हणजे पाठवलेला, पेत्र-पौलासारखा. यशया ‘संदेष्टा’. आमच्या एका जुन्या पत्रिकेत ‘पवित्र आत्म्याने प्रेषित लेख’ असे छापून गेले होते, आणि पुढची तीन वर्षे ते तसेच उतरवले गेले.