एच-इंडेक्स: स्कॉलरवर १४, स्कोपसवर ९

सूक्ष्मदर्शी: माझा एच-इंडेक्स (पेपरांना मिळालेल्या संदर्भांवरून काढलेला आकडा) गूगल स्कॉलरवर १४ आणि स्कोपस या संशोधन-पेपरांच्या डेटाबेसवर ९ दिसतो. फेलोशिपच्या अर्जात कोणता भरू?

पेशीजाल: दोन्ही खरेच. स्कॉलर प्रीप्रिंट, प्रबंध सगळ्यांतले संदर्भ मोजतं. स्कोपस फक्त स्वतःच्या निवडक यादीतले. अर्जात स्कोपस मागितलं नसेल तर कुठलाही द्या, पण आकड्यापुढे स्रोत आणि तारीख हवीच.

पिपेट: आधी स्कोपसवर स्वतःला शोधा. ‘कुलकर्णी ए’ आणि ‘कुलकर्णी ए एस’ अशी दोन प्रोफाइल असली की पेपर विभागतात, एच घसरतो. दोन्ही निवडून एकत्र करायची विनंती टाका, मग सोळा अंकी ऑर्किड (संशोधकाचा ओळख क्रमांक) जोडा.

सूक्ष्मदर्शी: निघाली की दोन! २३ पेपर एकात, ६ दुसऱ्यात. आता एच किती?

पेशीजाल: दोन प्रोफाइलच्या एचची बेरीज करू नका. एच १० व्हायला १० पेपरांना प्रत्येकी किमान १० संदर्भ लागतात. आणि स्कॉलरमध्ये नामबंधूंचे पेपर घुसलेत का बघा. ते आपोआप चिकटतात.