आत्या गेली. तिच्या ट्रेकच्या वह्या आणि राजगडावर तिच्यासाठी काही करावं का, सुचवा

भाची_पुणे:
नमस्कार मंडळी. माझी आत्या गेल्या महिन्यात गेली, ७६ वर्षांची होती. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच राहायची, नात्याने आत्या पण खरं तर माझी सगळ्यात जवळची मैत्रीण, काहीही झालं की आधी तिला सांगायचं. १९७०च्या दशकात ऑफिसातल्या मैत्रिणी गोळा करून शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडायची, पायात हंटर शूज, पाठीवर घरीच शिवलेली सॅक, आजी आधी ओरडायची आणि मग तीच धपाटे बांधून द्यायची. रिटायर झाल्यावर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास'चा पास काढून भटकायची. साठीनंतर बेलपाड्याहून नळीच्या अवघड वाटेने हरिश्चंद्रगड चढली, घरी सांगून गेली होती पाचनईहून सोप्या वाटेने जाणार म्हणून!

पण जीव राजगडावर. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत १२ किल्ले आले तेव्हा ती अंथरुणातच होती, मला सगळी नावं मोठ्याने वाचायला लावली, राजगड आला की म्हणाली परत वाच.

आता विचारायचं ते असं. थोड्या अस्थी ठेवल्यात, बाबा म्हणतात राजगडावरच्या पद्मावती तलावात सोडू आणि सुवेळा माचीवर तिच्या नावाची छोटीशी पाटी लावू. करावं का असं? आणि तिच्या ट्रेकच्या वह्या आहेत, ढीगभर, त्यांचं काय करू? राजगडाची एक नोंद देते, गुंजवणे म्हणजे पायथ्याचं गाव: 'गुंजवणे. चोरदरवाज्याने वर. धुकं दाट, हात गारठले. देवळात मुक्काम. खाली बाईंकडे पिठलं-भाकरी, पैसे घेईनात. पोरीला वही-पेन्सिल न्यायची.' पुढच्या वेळच्या पानावर फक्त 'वही-पेन्सिल दिली' आणि खाली रेघ.

घाटवाटा:
वाचून वाईट वाटलं. आत्यांना भेटायला हवं होतं असं झालं.
स्पष्टच सांगतो, तलावात अस्थी नका सोडू. गडावर पाणी म्हणजे तलाव आणि टाकी एवढंच, वर ताक-सरबत विकणारी गावातली माणसंसुद्धा त्याच पाण्यावर. पाटीचंही नको, राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, तटाला किंवा कातळाला काहीही ठोकायला कायद्याने मनाई आहे, आणि एक पाटी लागली की वर्षभरात शेजारी दहा लागतात. बाबांची भावना कळते, पण अस्थी बाकीच्या जिथे सोडल्यात तिथेच सोडा. गडावर जा, बालेकिल्ल्यावर बसा, त्यांना आवडायचं ते खा, तेवढं पुरे.

जुनी_पानं:
वह्या आधी वाचवा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. लॅमिनेट करू नका, सेलोटेप तर अजिबात नको, काही वर्षांनी पिवळा पडून कागद घेऊन निघतो. गंजलेल्या पिना अलगद काढा. खिडकीच्या उजेडात फ्लॅश बंद करून प्रत्येक पानाचा फोटो, फाइलच्या नावात गड आणि तारीख. मग हळूहळू टाइप करा. तेव्हाची एसटी कुठे सोडायची, वाट कुणाच्या बांधावरून जायची, कुठलं टाकं मार्चपर्यंत टिकायचं, हे आज कोणाकडे लिहिलेलं आहे? फक्त गावातल्या लोकांची नावं नेटवर टाकायच्या आधी त्यांना विचारा.

कसारा_लोकल:
माझा मामा असाच होता, कळसूबाईला सारखा जायचा, पोरांना घेऊन. तो गेल्यावर आम्ही घरी सगळं रीतसर केलं, दहावा, तेरावा, पेपरात फोटो, सगळं. पुढच्या वर्षी मी सहज कळसूबाईच्या पायथ्याला बारी गावात गेलो तर ज्या घरी तो उतरायचा तिथले म्हातारे बाबा विचारतात, भाऊ का येईनात? मी सांगितलं तर ते खाली बसले. म्हणाले आम्हाला कुणी कळवलंच नाही. मग आत जाऊन मामाने दिलेली बॅटरी घेऊन आले, अजून चालते म्हणाले. सुतकाला नातेवाईक सगळे आले होते हो, पण वर्षानुवर्षं ज्यांच्या चुलीपाशी तो जेवला त्यांचा आम्हाला विचारही शिवला नाही. तुमच्याकडे तर गावं लिहून ठेवलेली आहेत, पाटीबिटी राहू द्या, आधी त्या घरांमध्ये जाऊन सांगा. फोन नका करू, जा.

भाची_पुणे:
सगळ्यांचे मनापासून आभार. कसारा_लोकल, तुमचं बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग स्वतःच वह्या घेऊन बसले आणि गावांची यादी काढायला लागले. तलाव आणि पाटी दोन्ही रद्द. पाऊस उघडला की पहिलं गुंजवणं, मग राजगडाच्याच पायथ्याचं पाली, मग हरिश्चंद्रगडाकडची गावं, बाबांच्या गुडघ्याला झेपेल तसं, गाडीने पायथ्यापर्यंत. ती वही-पेन्सिलवाली पोरगी आता पन्नाशीच्या पुढे असेल, लग्न होऊन कुठे गेली काय माहीत. आडनाव वहीत आहे, इथे टाकत नाही. गुंजवण्यात कुणाच्या जुन्या ओळखी असतील तर प्लीज मेसेज करा.