ब्रिटनला आता निवडून दिलेला राष्ट्रप्रमुख हवा

धागा काढणारा: पायवाट

६ मे २०२३ला, तिसऱ्या चार्ल्सच्या राज्याभिषेकाच्या दिवशी सकाळी, लंडनच्या ट्रफाल्गर चौकाजवळ पोलिसांनी राजेशाही नको म्हणणाऱ्या 'रिपब्लिक' या संघटनेच्या सहा जणांना पकडलं. 'माझा राजा नाही' असे फलक गाडीतून उतरवायचं काम चाललं होतं. फलकांचे गठ्ठे बांधलेले पट्टे बघून पोलिसांना वाटलं, हे लोक त्या पट्ट्यांनी स्वतःला कशाला तरी जखडून घेणार. त्याविरुद्धचा कायदा तीनच दिवसांपूर्वी लागू झाला होता. आंदोलनाची कल्पना पोलिसांना आधीच दिलेली होती, तरी जवळपास सोळा तास कोठडी. पुढे एकावरही आरोप ठेवला नाही, पोलिसांनी खेद व्यक्त केला. पण तोवर मिरवणूक संपली होती.

मला हे फार लागलं. त्या पदावर कोण बसणार हे लोकांना कधी विचारत नाहीत, आणि नको म्हणायला उभं राहिलं तर कोठडी! चार्ल्स माणूस म्हणून कसे आहेत याच्याशी माझं भांडण नाही. शेजारच्या आयर्लंडमध्ये लोक राष्ट्राध्यक्ष थेट निवडतात, सात वर्षांसाठी, जास्तीत जास्त दोनदा. कारभार पंतप्रधानच बघतात. १९९०मध्ये मेरी रॉबिन्सन निवडून आल्या तेव्हा पदाची शान वाढलीच.

उंबरठा

अटक चुकीचीच होती, त्यावर वाद नाही. पण म्हणून राजेशाहीच मोडायची? नॉर्वे, डेन्मार्क, नेदरलँड्स, तिन्हीकडे राजघराणी आहेत आणि लोकशाही भक्कम आहे. राजाला कोणाची मतं मागायची नसतात, म्हणून तो सगळ्यांचा असू शकतो. निवडून आलेला माणूस हरलेल्यांना आपला वाटेल का?

पायवाट

सगळ्यांचा असून तो करतो काय, हे २०१९मध्ये दिसलं. तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सननी संसद पाच आठवडे स्थगित करायचा सल्ला दिला, राणींनी मंजुरी दिली. नाही म्हणायची सोयच नव्हती. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ते बेकायदा ठरवलं. आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष शंका असलेलं विधेयक स्वतःहून सर्वोच्च न्यायालयाकडे पाठवू शकतो. लोकांनी निवडलंय म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे.

उंबरठा

म्हणजे न्यायालयाने काम केलंच की. मग बदल कशासाठी?

तिठा

मी प्रजासत्ताकाच्याच बाजूचा, पण पायवाट, एक गोष्ट सांगतो. ऑस्ट्रेलियाची राष्ट्रप्रमुख ब्रिटनची राणीच होती, ती ठेवायची का यावर ६ नोव्हेंबर १९९९ला तिथे सार्वमत झालं. राष्ट्राध्यक्ष संसदेने दोन तृतीयांश मतांनी नेमायचा, असा प्रस्ताव होता. राणी नको, पण राष्ट्राध्यक्ष आम्हीच निवडणार, असं म्हणणारे बरेच लोक राजेशाहीवाल्यांच्या जोडीने विरोधात गेले. सुमारे ५५ टक्के मतं 'नाही'. एकाही राज्यात 'हो'ला बहुमत मिळालं नाही. राणीपेक्षा आपसातल्या फुटीनेच घात केला. बार्बाडोसने ३० नोव्हेंबर २०२१ला सार्वमत न घेता संसदेतूनच बदल केला, आणि तोवर राणीच्या प्रतिनिधी, म्हणजे गव्हर्नर-जनरल, असलेल्या सँड्रा मेसनच राष्ट्राध्यक्ष झाल्या. ब्रिटनमध्ये लोकांना न विचारता हे पचणार नाही. तेव्हा राजा नको म्हणण्याआधी निवड कशी करायची ते पक्कं करा. खर्चाच्या वादात तर शिरूच नका, क्राउन इस्टेटचा, म्हणजे राजपदाच्या नावावरच्या मालमत्तेचा, नफा सरकारी तिजोरीत जातो की नाही यावरच रात्र जाईल.

पायवाट

मान्य, यावर आम्ही कमी बोललो. माझं उत्तर थेट निवडणूक. आयर्लंडमध्ये उमेदवाराला वीस खासदार किंवा चार स्थानिक परिषदांचा पाठिंबा लागतो, म्हणजे कोणीही उठून उभा राहत नाही.

उंबरठा

म्हणजे मतपत्रिकेवर कोण येणार हे आधी राजकारणीच ठरवणार. मला नेमकी तीच भीती आहे. लोकांच्या सह्यांवर उभं राहायची वाट ठेवाल का? ती असेल तर मी विरोधात मत देण्याआधी दोनदा विचार करेन.

पायवाट

ठेवायलाच हवी. किती सह्या, त्यावर बोलू.