मदत हवी आहे : सुक्क्याचं (ज्यू सणातल्या तात्पुरत्या मांडवाचं) छप्पर, नियम आधी सांगावा की नंतर?

न्यू जर्सीतल्या ज्यू शाळेत दुसरीला शिकवते. वर्गात 18 मुलं, 40 मिनिटांचा तास. मांडवांच्या सणासाठी (सुक्कोत) मुलं खोक्यांचे छोटे सुक्के स्वतःच्या कल्पनेने बांधतायत. भिंती कशाच्याही चालतात, तिथे मोकळं रान! अडतं छपरावर : ते जमिनीतून उगवलेल्या, पण तोडलेल्या फांद्यापानांचंच हवं, आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त.

गेल्या वर्षी नियम आधी सांगितला, तर सगळे सुक्के एकाच साच्यातले. यंदा गप्प राहिले, तर तिघांनी चमकी कागद लावला. काढायला सांगितल्यावर रडारड. टॉर्च लावून सावली मोजणं मात्र मस्त जमलं.

सावलीचं मुलं शोधून काढतात, पण 'उगवलेलंच का' हे प्रयोगातून कळत नाही. तो नियम नेमका कधी आणि कोणत्या प्रश्नातून पुढे आणू?